दोन आत, एक बाहेर: मॉन्स्टर फ्यूजनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरपीजीमध्ये (भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेम्समध्ये) पहिल्यांदा फ्यूजनची, म्हणजे दोन मॉन्स्टर एकत्र करायची, स्क्रीन उघडली की बहुतेकांचं एकच होतं: आहेत ते दोन मॉन्स्टर निवडायचे, बटण दाबायचं आणि जे येईल ते पदरी पडलं पवित्र झालं म्हणायचं. मीही पहिले वीस-पंचवीस तास असंच खेळलो. नंतर कळलं की यात नशिबाचा भाग फार थोडा आहे, बाकी सगळा हिशेब आहे. तो हिशेब कुठे कसा चालतो, ते इथे प्रश्नोत्तरांत मांडलंय. मुख्यतः शिन मेगामी टेन्सेई आणि पर्सोना या मालिका डोळ्यांसमोर आहेत, कारण ही पद्धत तिथेच मुरली. इतर गेम्स येतील तसे येतील.

फ्यूजन म्हणजे नेमकं काय होतं?

तुमच्याकडचे दोन मॉन्स्टर कायमचे जातात आणि त्यांच्या जागी तिसराच एक येतो. तो दोघांचं मिश्रण नसतो. चेहरा, नाव, स्टॅट्स (ताकद, वेग वगैरेचे आकडे), कमजोरी सगळं त्याचं स्वतःचं आणि आधीच ठरलेलं असतं. आई-बापांकडून त्याला मिळतात ती काही स्किल्स, म्हणजे लढाईतली कौशल्यं.

म्हणजे इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, कोण जन्माला येणार? दोन, तो सोबत काय आणणार? पहिल्याचं उत्तर तक्ता देतो, दुसऱ्याचं तुम्ही. नव्या खेळाडूंचा अर्धा गोंधळ हे दोन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे होतो.

ही कल्पना आली कुठून?

१९८७ साली फॅमिकॉम या निन्टेंडोच्या कन्सोलवर आलेल्या पहिल्या मेगामी टेन्सेईपासून. शत्रूशी लढण्याऐवजी त्याच्याशी बोलायचं, त्याला आपल्या बाजूला वळवायचं आणि मग एका विशिष्ट जागी नेऊन दुसऱ्यात मिसळायचं, ही साखळी तेव्हापासूनची. पर्सोनामधली व्हेल्व्हेट रूम ही त्याच जागेची नात म्हणायला हरकत नाही.

कोण जन्माला येणार, हे कसं ठरतं?

दोन पायऱ्यांत. आधी वंश, मग लेव्हल.

प्रत्येक मॉन्स्टर कुठल्या तरी वंशाचा असतो. पर्सोनामध्ये वंशाऐवजी टॅरोच्या पत्त्यांवरून नाव दिलेले गट, म्हणजे अर्काना असतात, पण काम तेच. कुठला वंश कुठल्या वंशाशी मिसळला की कुठला वंश निघतो, याचा एक ठरलेला तक्ता गेममध्ये असतो. असा तक्ता का लागतो, तेही पाहा. गेममध्ये शंभर मॉन्स्टर असतील तर त्यांच्या वेगवेगळ्या जोड्या होतात ४,९५०. प्रत्येक जोडीचा निकाल वेगळा लिहून ठेवायचा तर बनवणाराही थकेल आणि खेळणाऱ्याच्या तर काहीच लक्षात राहणार नाही. त्याऐवजी २२ वंश धरले, तर एकाच वंशाच्या जोड्या मोजूनही २५३ घरांत काम भागतं.

वंश ठरला की लेव्हल येते. दोघांच्या लेव्हलची सरासरी काढायची, त्यात थोडी भर घालायची (बहुतेक ठिकाणी एक), आणि निघालेल्या वंशात त्या आकड्याला किंवा त्याच्या लगेच वर जो मॉन्स्टर असेल तो तुमचा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा पक्षी आणि पशू मिसळले की दैत्य निघतो, आणि दैत्यांच्या वंशात चार जण आहेत: लेव्हल ७, १२, १६ आणि २३ चे. तुमचा पक्षी ८ चा, पशू १२ चा. सरासरी १०, अधिक एक, ११. अकराच्या वरचा पहिला दैत्य १२ चा, म्हणजे तो मिळाला. आता पशू तोच ठेवा आणि पक्षी १४ चा घ्या. सरासरी १३, अधिक एक, १४. बाराचा आता मागे राहिला, म्हणून सोळाचा येतो. पक्षी ८ च्या जागी १० चा घेतला असता, तर आकडा १२ आला असता आणि पुन्हा बाराचाच मिळाला असता. म्हणजे वंशात पायऱ्या असतात आणि तुमचा आकडा कुठल्या पायरीवर पडतो एवढाच प्रश्न असतो. अपूर्णांकाचं काय करायचं आणि भर नेमकी किती, यात गेमगणिक फरक आहे, पण सांगाडा हाच.

हे एकदा डोक्यात बसलं की स्क्रीनवर दिसणारे निकाल अचानक ओळखीचे वाटायला लागतात. माझ्या बाबतीत तो क्षण पर्सोना ५ खेळताना आला. तीन वेगवेगळ्या जोड्यांतून एकच पर्सोना (त्या मालिकेत मॉन्स्टरला हेच म्हणतात) निघत होता. आधी मला तो गेमचा कंटाळवाणेपणा वाटला होता, प्रत्यक्षात तिन्ही जोड्या एकाच पायरीवर पडत होत्या.

मी मॉन्स्टरची लेव्हल वाढवली तर निकाल बदलेल का?

पर्सोना ५ मध्ये नाही. तिथे हिशेबाला मूळ लेव्हल धरतात, म्हणजे तो पर्सोना ज्या लेव्हलला सुरू होतो ती. लेव्हल दोनच्या पिक्सी या पर्सोनाला घासून वीसपर्यंत नेलं तरी तक्त्याच्या लेखी ती दोनचीच. त्या मेहनतीचा फायदा वेगळा आहे: वाटेत शिकलेली स्किल्स पुढच्याला देता येतात. पण मोठा मॉन्स्टर हवा म्हणून लहानाला वाढवत बसू नका.

एकाच वंशाचे दोन मिसळले तर?

इथे प्रत्येक गेमचा स्वभाव वेगळा. पर्सोना ५ मध्ये एकाच अर्कानाचे दोन मिसळले की त्याच अर्कानातला, पण वरचा नाही तर खालचा येतो. म्हणजे तुम्ही एक पायरी उतरता. हे तोट्याचं वाटतं, पण सुटून गेलेला खालचा एखादा पर्सोना हवा असेल तर हाच रस्ता.

नॉक्टर्नमध्ये, म्हणजे शिन मेगामी टेन्सेई ३ मध्ये, एकाच वंशाचे दोन मिसळून पंचमहाभूतांच्या धर्तीवरचे 'एलिमेंट' निघतात: एर्थिस, एरॉस, अक्वान्स, फ्लेमिस. हे स्वतः लढायला फारसे कामाचे नाहीत. त्यांना दुसऱ्या मॉन्स्टरशी मिसळलं की तो आपल्याच वंशात एक पायरी वर किंवा खाली सरकतो. पर्सोना ५ मध्ये हेच काम ट्रेझर डेमन करतात. त्यांच्यात कोहिनूर आहे, होप डायमंड आहे, स्टोन ऑफ स्कोनसुद्धा आहे. कोहिनूर पकडला आणि लगेच फ्यूजनमध्ये घातला, तेव्हा जीव थोडा हळहळला हे कबूल.

स्किल्सचा वारसा कसा चालतो?

खरा खेळ इथे आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

नॉक्टर्न आणि पर्सोना ५ मध्ये एका मॉन्स्टरला आठ स्किल्सची जागा असते. नवा मॉन्स्टर जन्मतः काही स्किल्स घेऊन येतो, उरलेल्या जागांतल्या काही जागी आई-बापांची स्किल्स बसतात. किती बसतील हे पर्सोना ५ मध्ये दोघांकडे मिळून किती स्किल्स आहेत त्यावर ठरतं. म्हणून दोन रिकामे मॉन्स्टर मिसळण्यापेक्षा दोन भरलेले मिसळणं केव्हाही चांगलं.

मग बंधनं येतात. पर्सोनामध्ये प्रत्येकाचा एक कल असतो, आणि तो कल ठरवतो की कुठल्या जातीची स्किल्स तो घेईल आणि कुठली नाकारेल. बर्फाच्या कलाचा मॉन्स्टर आगीचं स्किल घ्यायला तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे. काही स्किल्स एखाद्याची स्वतःची मिरास असतात आणि ती कुणालाच देता येत नाहीत. पर्सोना ५ मधल्या ॲलिसचं खास स्किल कितीही आवडलं तरी ते ॲलिससोबतच राहतं. शिन मेगामी टेन्सेई ५ मध्ये नकाराऐवजी अधिक-उणे गुण असतात: स्किल देता येतं, पण ज्या प्रकारात त्याला उणे गुण आहेत त्या प्रकारात ते लंगडं चालतं.

आता जुनी जखम. प्लेस्टेशन २ वरच्या मूळ नॉक्टर्नमध्ये आणि पर्सोना ३, पर्सोना ४ मध्ये कुठली स्किल्स वारशात येणार हे गेम स्वतः यादृच्छिकपणे ठरवायचा. खेळाडू काय करायचे? निकाल पाहायचा, नको असेल तर मागे जायचं, पुन्हा तेच दोघे निवडायचे, पुन्हा पाहायचं. एका हव्या त्या जोडणीसाठी मी अशी पाऊण तास बटणं दाबली आहेत, आणि शेवटी हवी ती आल्यावर सवयीने पुन्हा मागे गेलो. ती रात्र तिथेच संपली. २०१२ च्या पर्सोना ४ गोल्डनमध्ये स्किल्स हाताने निवडायची सोय आली, नॉक्टर्नच्या नव्या आवृत्तीतही ती आहे. काही जुने खेळाडू म्हणतात की त्याने मजा गेली. मला तसं वाटत नाही. हाताने निवडता येणं हा माझ्या मते या पद्धतीतला सर्वांत मोठा सुधार आहे, कारण त्यानंतर वेळ नशीब आजमावण्यात जात नाही, विचार करण्यात जातो.

विचार म्हणजे कसला, तर उलटा. समजा शेवटी तुम्हाला असा मॉन्स्टर हवाय ज्याच्याकडे वीज आणि सगळ्या टीमला बरं करायचं स्किल, दोन्ही आहे. पण त्याचे थेट आई-बाप बरं करणारे नाहीत. मग एक पिढी मागे जा: त्यातल्या एका पालकाला जन्म देणारी अशी जोडी शोधा जिच्यात बरं करणारा कुणीतरी आहे. ते स्किल आजोबाकडून बापाकडे आणि बापाकडून नातवाकडे नेता येतं. अट एवढीच की मधल्याचा कल त्या स्किलला आडवा येता कामा नये. दोन पिढ्यांपलीकडे मात्र नियोजन करू नका, बहुधा तोवर गेमच तुम्हाला त्याहून चांगला मॉन्स्टर देतो.

कमजोरीही वारशाने येते का?

नाही, ती नव्याची स्वतःची असते. मात्र ती झाकता येते. पर्सोना ५ मध्ये आगीला कमजोर असलेल्या पर्सोनाला आगीचा प्रतिकार देणारं स्किल वारशात दिलं, की तो कमजोर राहत नाही, उलट त्याला कमी इजा होते. आठातली एक जागा यात खर्च होते. मला ती जवळजवळ नेहमी वसूल झालेली दिसते, कारण या गेम्समध्ये कमजोरीवर वार बसला की शत्रूला जादा टर्न मिळतो, आणि एक जादा टर्न म्हणजे अनेकदा पुन्हा शेवटच्या सेव्हपासून सुरुवात.

लाडका मॉन्स्टर गमवायला मन होत नाही. काय करू?

फ्यूज करण्याआधी त्याची नोंद करा. या मालिकांमध्ये कम्पेंडियम नावाची वही असते. तिथे नोंदवलेला मॉन्स्टर पैसे मोजून परत बोलावता येतो, आणि तोही नोंद केली तेव्हा होता तसा, शिकलेल्या स्किल्ससकट.

इथे एक बारीक मेख आहे. पहिल्यांदा मिळवताना झालेली नोंद आणि तुम्ही वाढवल्यानंतरची नोंद वेगळी. वाढवल्यावर पुन्हा नोंदवायला विसरलात, तर परत येतो तो कच्चाच. मी एकदा कितीतरी तास वाढवलेला मॉन्स्टर असाच घालवला, पुन्हा बोलावला तर समोर शाळेच्या पहिल्या दिवशीचं पोर उभं. तेव्हापासून फ्यूजनच्या खोलीत शिरलो की आधी नोंद, मग बाकीचं.

माझ्यापेक्षा मोठ्या लेव्हलचा मॉन्स्टर का बनवता येत नाही?

कारण नाहीतर पहिल्या तासातच शेवटचा राक्षस खिशात घेऊन फिराल. या मालिकांमध्ये तुमची स्वतःची लेव्हल हीच मर्यादा असते. पर्सोना ५ मध्ये व्हेल्व्हेट रूम सांभाळणाऱ्या जुळ्या बहिणींसोबतचं नातं शेवटच्या पायरीपर्यंत नेलं की पैसे मोजून ती ओलांडता येते, पण तोवर गेम बराच पुढे गेलेला असतो.

याच जुळ्या तुम्हाला फ्यूजन शिकवतात, तेही चांगल्या मास्तरांसारखं, म्हणजे गृहपाठ देऊन. पहिली मागणी असते जॅक फ्रॉस्टची, पण नुसता जॅक फ्रॉस्ट चालत नाही, त्याच्याकडे माबुफू हे स्किल हवं. म्हणजे तेच आपले दोन प्रश्न: कोण, आणि सोबत काय.

स्पेशल फ्यूजन म्हणजे काय?

तक्त्याबाहेरचे निकाल. काही मॉन्स्टर वंश-लेव्हलच्या हिशेबाने येतच नाहीत, त्यांना ठरावीकच घटक लागतात. पर्सोना ५ मध्ये ब्लॅक फ्रॉस्टला तिघे लागतात: जॅक-ओ-लँटर्न, जॅक फ्रॉस्ट आणि किंग फ्रॉस्ट. ॲलिस येते नेबिरोस आणि बेलियालमधून. आणि शिव येतो रांगदा आणि बारोंग यांच्यातून. रांगदा आणि बारोंग ही बालीच्या पुराणकथांमधली एकमेकांशी सतत झुंजणारी जोडी. ही दोन टोकं एकत्र आली की संहाराचा देव उभा राहतो, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. हे निकाल केवळ आकड्यांसाठी नसतात, त्यांच्यामागे एखादी गोष्ट असते, म्हणून ते लक्षात राहतात.

फ्यूजन फसू शकतं का?

हो. अपघात झाला की अपेक्षित मॉन्स्टरऐवजी भलताच येतो. शिन मेगामी टेन्सेईत चंद्राच्या कलांना महत्त्व आहे, आणि पौर्णिमेला अपघाताची शक्यता वाढते. पर्सोना ५ रॉयलमध्ये फ्यूजन अलार्म वाजतो: त्या वेळात बनवलेले पर्सोना जास्त तगडे निघतात, पण त्याच अलार्ममध्ये एकामागून एक फ्यूजन करत राहिलात तर अपघाताची शक्यता चढत जाते. पहिलं फ्यूजन महत्त्वाचं करा, मग हावरटपणा. आणि त्याआधी सेव्ह.

ड्रॅगन क्वेस्ट मॉन्स्टर्समध्येही असंच आहे का?

नातं आहे, पण स्वभाव वेगळा. १९९८ च्या पहिल्या गेममध्ये नर-मादी जोडी लावायची, आई-बाप निघून जायचे आणि पिल्लू मागे राहायचं. २००६ च्या जोकर या भागात लिंगाच्या जागी अधिक-उणे ध्रुव आले, दोघांनाही किमान लेव्हल १० ची अट मात्र कायम राहिली. पिल्लू लेव्हल एकपासून सुरू होतं, पण आई-बापांच्या कौशल्यगुणांतला अर्धा वाटा घेऊन.

फरक इथेच आहे. पर्सोनात लेव्हल वाढवणं फ्यूजनच्या दृष्टीने दुय्यम, इथे ते भांडवल. जितकं पालकांना वाढवाल तितकी पुढची पिढी दमदार. ज्यांना हळूहळू साचवत जायला आवडतं त्यांना ही मालिका जास्त रुचेल. मला स्वतःला पुन्हा पुन्हा एकपासून सुरू करायचा कंटाळा येतो.

पोकेमॉनमध्ये फ्यूजन आहे?

अधिकृत गेम्समध्ये मोजकं. २०१२ च्या ब्लॅक २ आणि व्हाइट २ मध्ये क्युरेम हा रेशिराम किंवा झेक्रोमशी एकरूप होतो, पुढे नेक्रोझ्मा आणि कॅलिरेक्सचीही तशी रूपं आली. तिथे दोघांना परत वेगळं करता येतं, त्यामुळे गमावण्याची भीती नाही.

चाहत्यांनी बनवलेला पोकेमॉन इन्फिनिट फ्यूजन हा वेगळाच प्रकार आहे. तिथे खरोखर मिश्रण होतं. एक पोकेमॉन डोकं, दुसरा धड. एचपी (जीवशक्तीचा आकडा), स्पेशल अटॅक आणि स्पेशल डिफेन्स यांत दोन तृतीयांश वाटा डोक्याचा, तर अटॅक, डिफेन्स आणि स्पीड यांत दोन तृतीयांश धडाचा. डोक्याचा एचपी ९० आणि धडाचा ६० असेल तर मिश्रणाचा ८०. डोकं-धड उलटं केलं तर ७०. म्हणून तिथे 'कोण कोणात' याला अर्थ आहे. तक्त्याच्या फ्यूजनमध्ये क्रम बदलून काही फरक पडत नाही.

लढाईच्या मधेच होणारं फ्यूजन कुठे आहे?

२०२३ च्या कॅसेट बीस्ट्समध्ये. तुम्ही आणि तुमचा साथीदार लढता लढता एक होता, चित्रसुद्धा दोघांच्या तुकड्यांतून तिथल्या तिथे जुळवलं जातं, आणि नंतर पुन्हा दोघे वेगळे. अशी रूपं १४ हजारांहून जास्त. इथे हिशेब कमी, जल्लोष जास्त. फ्यूजनची भीती वाटणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

इंटरनेटवरचा फ्यूजन कॅल्क्युलेटर वापरणं म्हणजे चीटिंग?

नाही. शिन मेगामी टेन्सेई ५ मध्ये तर हवा तो मॉन्स्टर निवडून त्याच्या जोड्या उलट शोधायची सोय गेमनेच दिली आहे. फक्त पहिल्या दहा तासांत वापरू नका. तेव्हा चुकीच्या जोड्या लावण्यातच तक्ता अंगवळणी पडतो.

एका बॉससमोर अडकलोय. फ्यूजनने सुटेल का?

बहुधा सुटेल, ग्राइंडिंगपेक्षा (लेव्हल वाढवायला त्याच त्या लढाया करत बसण्यापेक्षा) लवकर. एकदा मुद्दाम हरा, पण डोळे उघडे ठेवून: तो कुठल्या प्रकारचे वार करतो आणि तुमच्यातला कोण पहिल्यांदा पडतो, लिहून घ्या. मग फ्यूजनच्या खोलीत जाऊन त्या प्रकाराला न जुमानणारे मॉन्स्टर शोधा. ताकदवान नसले तरी चालतील. तेवढ्यात एकाला संरक्षण वाढवायचं स्किल वारशात द्या, दुसऱ्याला बरं करायचं. पूर्वीचे लाडके जात असतील तर जाऊ द्या, नोंद केलेली आहे ना? मग परत दाराशी जा. पहिल्याच टर्नला बॉसचा वार कुणावर तरी निष्फळ गेला आणि त्याचीच टर्न वाया गेली, की ओळखा, काम झालं.